आजोबा खाकरेपर्यंत

खोटं बोलणं आमच्याकडे पाप समजतात आणि मी पापाला भिते. म्हणून घडलं तसंच सांगतेय.

जानेवारीतला रविवार. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं रोझेनवाइड, आमचं गाव. दुपारच्या कॉफीची वेळ. आजोबांना पुरून फार दिवस झाले नव्हते.

टेबलाशी आम्ही तिघं होतो. मी, आई आणि डीर्क मामा. टोकाची आजोबांची खुर्ची रिकामी होती. आईने सवयीने तिथेही बशी मांडली होती.

आमच्याकडे खाण्याआधी आणि नंतर सगळे मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना करतात. घरातला मोठा खाकरला, की ती संपली. तोवर मान वर करायची नाही, उठणं तर लांबच. इतकी वर्षं आजोबा खाकरायचे. आता कोण खाकरणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

माझा जीव दाराकडे लागला होता. दुसऱ्या दिवसापासून विनिपेगला माझं नर्सिंगचं शिक्षण सुरू होणार होतं. मैत्रीण सूझी ट्रक घेऊन येणार होती. बर्फाचं वादळ येत होतं, रस्ता बंद व्हायच्या आत निघायला हवं होतं. आजोबांनी मरेपर्यंत होकार दिला नव्हता. शहरात गेलेली पोर परत येत नाही, एवढंच म्हणायचे.

आम्ही माना खाली घातल्या. कुणीतरी खाकरलं. पाव, चीज, जॅम खाल्लं. पुन्हा माना खाली घातल्या.

आणि या वेळी खाकरणं आलंच नाही...

भिंतीपलीकडे गोठा. गाई हंबरायच्या थांबल्या. वारासुद्धा थांबला. नुसतं घड्याळ चालू होतं.

मामा मुद्दाम ताणतोय असं वाटून मी चिडले. त्यालाही माझं जाणं नको होतं.

बाहेर हॉर्न वाजला.

मी उठायला गेले. मान उचलवेना. कुणी धरली नव्हती... पण उचलवेना.

"मामा, खाकर ना रे," मी पुटपुटले.

"मघाशीही मी नव्हतो गं खाकरलो." तो खालमानेनेच म्हणाला.

दारावर थाप पडली. मग काही नाही. मग ट्रक दूर गेल्याचा आवाज...

तो पुरता विरला, तेव्हा टोकाच्या खुर्चीतून कुणीतरी खाकरलं.

आमच्या माना मोकळ्या झाल्या. आई बशा गोळा करू लागली.

सूझीशी मी नंतर खूप भांडले. ती म्हणाली, "खिडकीतून बघितलं मी. तुम्ही चौघं प्रार्थनेत होतात. मध्येच कशी हाक मारू? आणि वादळात थांबू तरी किती?"

चौघं...

मामा पुढच्याच वर्षी वारला. आता टेबलाशी आई आणि मी.

एकदा मी बसलेच नाही. बॅग घेऊन दारात उभी राहिले. आईने एकटीनेच मान खाली घातली. खाकरणं येईना. बघता बघता तिचे ओठ निळे पडले. मी बॅग टाकून धावत जाऊन बसले, डोळे मिटले... आणि लगेच आवाज आला.

तेव्हापासून मी बसते. राग येतो, रडू येतं, पण बसते.

हल्ली ते उशिरा खाकरतात. गेल्या रविवारी तर तोवर खिडकीबाहेर अंधार पडला होता.

आज रविवार आहे. आई पाव मांडतेय आणि मला हाक मारतेय.