वरचा एक तास

तो आला होता झेरॉक्स काढायला. ते दुकान शेजारचं, मी विकते विमानाची तिकिटं. पण तो भिंतीवरच्या नकाशापाशीच रेंगाळला.

“कासाब्लांका ते मॉन्ट्रियल... किती लांब?”

“साडेपाच हजार किलोमीटर. साडेसात तास.”

“मधे कुठे थांबत नाही?”

“समुद्रात कुठे थांबणार?”

तो हसला. एकाच गालाला खळी पडली, आणि माझ्या हातातला स्टेपलर उगाचच वाजला.

नाव झुहैर. रमजानभर तो रोज यायचा, तोच प्रश्न घेऊन. तिकीट तर मॉन्ट्रियलच्या मामानं केव्हाच पाठवलं होतं. मामाला जावई हवा होता.

“आज किती लांब, लल्ला गिझलान?” ‘लल्ला’ म्हणजे बाई, मानानं.

“कालच्याइतकंच. रोज विचारलंत म्हणून जवळ नाही यायचं.”

“जवळ कुणाला हवंय? आणखी लांब जातं का बघतोय.”

ईदच्या आदल्या दिवशी त्यानं आईच्या हातची शबाकिया आणली, मधात बुडवलेली मिठाई. मधानं आमची दोघांची बोटं चिकट झाली.

“पुढच्या रविवारी चारचं विमान आहे,” तो खाली बघत म्हणाला. “अडीचपर्यंत विमानतळाच्या दाराशी उभा राहीन. तू आलीस तर तिकीट फाडतो, आईला तुमच्या घरी मागणी घालायला पाठवतो. नाही आलीस तर...”

“तर?”

“तर समजेन, साडेसात तास खरंच लांब आहे.”

मी तोंड उघडलं आणि गिऱ्हाईक आलं. मेलं गिऱ्हाईक.

रमजानसाठी आमच्याकडे कासाब्लांकात घड्याळं तासभर मागे घेतात, आणि ईदनंतर एका शनिवारी रात्री पुन्हा पुढे. फोन ते कधी चुकीच्याच दिवशी करतो, म्हणून मी माझ्या फोनला त्यात हात घालू देत नाही, तास मीच बदलते. त्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावलं, रविवारी तास पुढे करा, नाहीतर विमान चुकेल. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रविवारी हिरव्या पायघोळ जेलाब्याला इस्त्री केली. काजळ दोनदा पुसून पुन्हा घातलं. विमानतळावर पोचले तेव्हा माझ्या फोनवर सव्वादोन झाले होते. दाराशी तो नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन.

मी फोन लावला. तो वाजला बाकावर बसलेल्या एका म्हातारीच्या पिशवीत.

“अगं पोरी, हा माझ्याकडेच ठेवून गेला,” ती म्हणाली. “म्हणाला, आता इथून मला कुणाचा फोन येणार नाही. तू कोण?”

खळी तिलाही तशीच होती, एकाच गालाला. मागणी मुलाच्या आईनं घालायची असते. तिच्यापुढे मी कुठल्या तोंडानं पदर पसरू?

“मी... तिकिटाच्या दुकानातली, खाल्ती,” मी मावशीला म्हणावं तसं म्हणाले. “सगळं नीट झालं का, विचारायचं होतं.”

“झालं की. दारातून हलतच नव्हता बघ. शेवटी मीच ढकलला आत.”

घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

थंडीच्या तोंडावर खाल्ती दुकानात आली, नवी शाल पांघरून. लेकाच्या लग्नाला निघाली होती. पहिल्यांदाच विमानात बसणार, म्हणून घाबरली होती. मी तिला खिडकीजवळची जागा दिली.

“पोरी, किती गं लांब आहे ते?”

“साडेसात तास, खाल्ती.”

वरचा एक माझा होता. तो मी तिला सांगितला नाही.