समासातलं अक्षर

ग्रंथालयाच्या तळघरात आमची दुरुस्तीची खोली होती. तीन टेबलं होती: एक माझं, एक अण्णांचं आणि दाराजवळ साहेबांचं. अण्णा चाळीस वर्षं पुस्तकं शिवत आले होते, मी सतरा. खळीचा वास अंगाला इतका मुरलेला, की बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडायची.

हल्ली दुरुस्ती नावालाच उरली होती. वरून यादी यायची, यादीतली पुस्तकं खाली यायची, आणि आम्ही ती उसवायचो. पुठ्ठे बाजूला ठेवायचे, धागा कापायचा, पानं हाताने आडवी फाडून पोत्यात भरायची. पोती कागदगिरणीत जायची.

"शिवायला तीन वर्षं शिकलो," अण्णा म्हणायचे. "उसवायला कुणी शिकवलं नाही. पण हात बघ कसा बसलाय!"

साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्या सोमवारी एकाच कादंबरीच्या दोनशे बारा प्रती आल्या, गावोगावच्या ग्रंथालयांतून गोळा केलेल्या. शाळेत आम्हाला तिच्यातला उतारा होता. त्यातल्या देशात माणसं एकेक करून नाहीशी होतात, आणि घरात उरलेले लोक जेवायला बसताना खुर्च्या जवळ ओढून घेतात, म्हणजे मधली जागा दिसत नाही. "खुर्च्या का ओढतात?" असा प्रश्न परीक्षेत यायचा. मला दहापैकी नऊ मिळाले होते.

"गुरुवारी दुपारपर्यंत संपवा," साहेब म्हणाले. "आणि वाचत बसू नका."

तिसऱ्याच प्रतीत, चौदाव्या पानाच्या समासात, पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'इथे लेखक घाबरला.'

अक्षर माझ्या धाकट्या भावाचं होतं.

तो नकाशे काढायचा. बारीक, टोकदार अक्षर, आणि 'ळ'ची गाठ उलट्या बाजूने. चौदा महिन्यांपूर्वी तो कामावरून घरी आला नाही. पंधरा दिवसांनी एक छापील कागद आला. या नावाचा आमचा कोणीही नातेवाईक नाही, असं त्यावर होतं. खाली आईने सही केली, मग मी. सही न केलेल्या दोन घरांना आमच्याच गल्लीत कुलपं लागली होती. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं नव्हतं.

पुस्तकावरचा शिक्का पाहिला. दूरच्या एका गावाचा होता, तिथे तो कधी गेला नव्हता. गेला असेल, मी मनाशी म्हटलं. कामासाठी फिरायचाच तो.

संध्याकाळपर्यंत मी पंचवीस प्रती उसवल्या. पंचवीस वेगवेगळे शिक्के. तिसरीपासून पुढे सगळ्यांत त्याचं अक्षर.

आईच्या गोळ्यांच्या वेळा त्याने एका कागदावर लिहून दिल्या होत्या. त्याच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. मंगळवारी तो कागद मी ब्लाउजमध्ये लपवून आणला आणि साहेब चहाला गेल्यावर समासाशेजारी धरला. काना, मात्रा, ती उलटी गाठ. काडीचा फरक नव्हता.

बुधवारी त्याने कादंबरीबद्दल लिहिणं सोडलं होतं.

'इथे खिडकी नाही, पण गर्दी आहे.'

पुढच्या प्रतीत: 'आईचा गुडघा कसा आहे?'

आई जिन्यावरून पडली ती या थंडीत. तो गेल्यानंतर नऊ महिन्यांनी.

त्याच्या पुढच्या प्रतीत: 'सही केल्याचं कळलं. बरं केलंस. रडू नकोस.'

मी रडत नव्हते. ते वाचल्यावर रडले. मान खाली घालून, पानावर थेंब पडू न देता.

"अण्णा," मी हळूच म्हटलं, "जरा हे बघता?"

त्यांनी चष्मा वर करून पान बघितलं. मग माझ्याकडे.

"कोरं आहे."

"हे इथे, समासात..."

"पोरी, मला कोरंच दिसणार." त्यांनी आपल्या हातातलं पान माझ्यासमोर धरलं. "तुला यात काय दिसतं?"

छापील ओळी आणि पांढरा समास. बाकी काही नाही.

"झालं तर मग," ते म्हणाले. "माझ्या समासात बायको आहे. स्वयंपाकघराची खिडकी लावली का म्हणून विचारते. तिला जाऊन एकवीस वर्षं झाली."

त्यानंतर दिवसभर त्यांचा फाडण्याचा आवाज तेवढा येत राहिला, थांबून थांबून.

एक तरी प्रत लपवायची, हे मी बुधवारी रात्री ठरवलं. गुरुवारी सकाळी पोहोचले, तर साहेब माझ्या टेबलाशी उभे. प्रती मोजून झाल्या होत्या. माझ्या वाट्याच्या एकोणतीस उरल्या होत्या. दुपारपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मी एकेक वाचत गेले आणि फाडत गेले. प्रत्येकात एखादीच ओळ.

शेवटची प्रत नवी होती. कुणी उघडलेलीसुद्धा नव्हती, काही पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती. मी सुरीने ती सोडवली. पहिल्या पानापासून समास कोरा होता. पन्नास. शंभर. दीडशे.

शेवटच्या पानावर होतं.

'ताई, हळू फाड. लागतं.'

एकशे पाच प्रती फाडून झाल्या होत्या. मी भराभर फाडल्या होत्या. माझा हात बसला होता ना.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. धागा घट्ट आहे, साहेब."

मी हळू फाडलं. एकेक पान, कागदाच्या रेषेने, आवाज होणार नाही असं. अण्णांचं काम कधीच थांबलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

हमाल आले, पोती घेऊन गेले. अण्णा डबा उचलून निघाले. मी टेबल पुसलं. पिशवी घेऊन वळले तर साहेब अजून तिथेच होते. जमिनीवर पडलेला एक फाटका तुकडा त्यांनी उचलला होता आणि प्रकाशाकडे धरला होता. त्यांचे ओठ हलत होते.

मी पाहिलं. तुकडा मला कोरा दिसला.

"माझी पोर चार वर्षांची होती," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "आईबरोबर नेली तेव्हा. अजून पाटीसुद्धा घेतली नव्हती हातात."

मी दाराशी थांबले.

त्यांनी तुकडा माझ्यासमोर धरला.

"तिथे तिला लिहायला कोण शिकवतंय हो?"