प्रेमाक्काच्या अंगठ्यातला दोरा

हसू नका. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण प्रेमाक्का गेली तेव्हा जे घडलं ते सांगतो, तुम्हीच बघा काही उलगडतंय का.

आम्हा जळकोटच्या लिंगायतांत मयताला मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवतात. प्रेमाक्का माझी शेजारीण. सोमवारी दुपारी गेली. एकुलता एक शंभुलिंग टोरांटोला. फोनवर रडत म्हणाला, "गुरुजी, आज चारचं विमान हाय. म्या आल्याबिगर आईला माती देऊ नका."

आक्काचे दीर वीरप्पा म्हणाले, "उद्या दिवस मावळायच्या आत उरकायचं. पोरगं पोचंल का?"

मी शाळेतला पृथ्वीगोल आणला. टोरांटो ते हैदराबाद दोरा ताणला, पार उत्तर ध्रुवाच्या कडेनं. जवळजवळ तेरा हजार किलोमीटर! मधला थांबा धरून अठरा तास, पुढं रस्त्याचे पाच.

"उद्या तीनला शंभू दारात," मी छातीठोकपणे सांगितलं. "आक्का म्हणायची ना, गुरुजींचं गणित चुकत न्हाय!"

दोऱ्याची टोकं डिंकानं चिकटवली आणि गोल आक्कापुढंच ठेवला.

मंगळवारी सकाळी खड्डा खणायला माणसं निघाली तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. शंभूचे चार म्हणजे तिथले चार! आपल्याकडं तेव्हा रात्रीचा दीड. जन्मभर रेखांश शिकवले आणि साडेनऊ तास विसरलो! पोरगं मध्यरात्री पोचणार, तोवर खड्डा बुजलेला. लाजेनं तोंड उघडेना. आक्काजवळ बसून पुटपुटलो, "चुकलं गं माझं, आक्का..."

धुपाचा, विभूतीचा वास दाटला होता. भजन जरा थांबलं आणि गोल कुरकुरला. कुणी हात न लावता तो हळूहळू फिरत होता. दोऱ्याचं एक टोक सुटून आक्काच्या अंगठ्याला गुंडाळलं होतं... आणि दोरा ताठ होता.

"वीरप्पा... हे कुणी बांधलं?"

"कुणीच न्हाय... गप बसा, गुरुजी."

तीनला पाच कमी असताना शंभू दारात उभा राहिला, रिकाम्या हातानं. पहिली मूठ माती त्यानंच दिली. आक्काच्या अंगठ्याचा दोरा सोडवायला कुणी धजलं नाही. मीच कात्रीनं गोलापासून तोडला. बाकीचा तिच्याबरोबर गेला.

"विमानात डोळा लागला," शंभू नंतर म्हणाला. "आईनं अंगठा धरून वढल्यागत झालं. डोळं उघडलं तर आपल्या फाट्यावर."

त्याच्या अंगठ्यावर दोऱ्याचा लाल वळ होता.

नऊ वाजता त्याचा फोन वाजला. हैदराबादच्या विमानतळावरून कुणी बाई बोलत होती. विमान साडेसातला उतरलं, तुमची बॅग तेवढी पट्ट्यावर फिरतेय, तुम्ही आहात कुठं?  शंभू तर तीनपासून आमच्यातच होता.

काल त्याचं परतीचं विमान होतं. हैदराबादच्या रस्त्यावर दहा किलोमीटरच्या पुढं गाडी गेली नाही. शंभू किंचाळत होता, "थांबवा, थांबवा!" त्याचा अंगठा काळानिळा पडून मागं, जळकोटकडं ताणला गेला होता... आणि मधे दोरा कुठंच नव्हता.