पंख्याखालची खाट

बाळांनो, डोळे मिटा आणि वर्ध्याची वैशाखातली दुपार मनात आणा. साल अठ्ठ्याण्णव. दवाखान्यातला मुलींचा वॉर्ड, भिंतीसुद्धा तापलेल्या, आणि धड फिरणारा पंखा एकच.

त्या पंख्याखालच्या खाटेशी छाया सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. या वॉर्डात तिचा पहिलाच दिवस. उशाशी अल्लीपूरचा तरुण दुकानदार चंदन बसला होता, झोपलेल्या पुतणीला वारा घालत.

"नाव काय हिचं? उठवा, तिच्याच तोंडून ऐकते."

"खाटीवर नंबर आहे ना! काऊन उठवून राह्यल्या तिले? आत्ता डोळा लागला."

"तरी विचारावं लागतं."

"टोचा अन् मोकळ्या व्हा. नाई तं मोठ्या डॉक्टरांले सांगतो, इथं पेशंटचे हाल करते म्हणून!"

छायाचा चेहरा उतरला. नोकरी कच्ची होती. पहिल्याच दिवशी तक्रार गेली तर? तिनं सुई दंडाजवळ नेली... थबकली... आणि पोरीचा गाल हळूच थोपटला.

"बेटा, नाव सांग."

"अंजू," पोर पुटपुटली.

छायानं सुई झटकन मागे घेतली. इंजेक्शन याच खाटेच्या नंबरावर होतं, पण कांता नावाच्या दुसऱ्या पोरीचं. अंजूच्या कागदावर तर लाल शाईत लिहिलेलं — हे औषध हिला सोसत नाही, जिवावर बेतेल!

"सकाळी खाटा बदलल्या आम्ही," चंदन वारा घालायचा थांबला. "पोरगी घामानं निथळून राह्यली होती... कांताच्या मायले मीच म्हटलं."

त्या दिवसापासून वॉर्डात कोणी नाव सांगायला कुरकुरलं की चंदनच समजवायचा, "सांगा ना हो, भल्यासाठीच विचारते त्या." आणि छाया आली की हळूच म्हणायचा, "मले नाई विचारत नाव?"

"तुम्हाला कुठं सुई टोचायचीय?"

"टोचली ना... पयल्याच दिवशी."

ती हसू दाबून पुढच्या खाटेकडे वळायची.

अंजूला दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या सकाळी मात्र चंदनला शब्द सापडेना.

"माय म्हणते... पिपरीले तुमच्या घरी बोलणी कराले येऊ. पण आधी तुम्ही हो म्हणाल तं."

 छायानं थर्मामीटर झटकला, पुन्हा झटकला. चंदननं आधी पिशवी बाहेर ठेवायला उचलली — तो दारापर्यंत पोचला.

"बाबा... संध्याकाळी घरीच रायते," मागून छायाचा आवाज आला.

चंदन जागच्या जागी वळला. दोघंही अवघडून उभे, कोणी पुढे येईना. तेव्हा अंजू मुकाट्यानं भिंतीकडे सरकली आणि खाटेवर दोघांपुरती जागा करून दिली.