अर्धा तास कॉफी नाही

बोट पायरीला टेकत नव्हती. लाट वर आली की बोटीची कड आणि दगडी पायरी क्षणभर एका उंचीवर यायची, आणि तेवढ्यात उडी मारायची. रानवा अटलांटिक महासागरातल्या याच फेरो बेटांमधली, पण वाढलेली तोर्सहावन शहरात. उडी मारायची सवय सुटली होती, आणि हातात काचेच्या नळ्यांची पेटी होती.

पायरीवर एक उंच माणूस पावसात उभा होता. आज बोटीला हात द्यायची त्याची पाळी होती.

"पेटी आधी, की तू आधी?" त्याने विचारलं.

"पेटी."

त्याने पेटी अलगद झेलून कोरड्या जागी ठेवली. रानवाने उडी मारली ती एका लाटेने उशिरा. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली, तेव्हा त्याने तिला बाहीला धरून वर ओढलं. ओठ आवळून त्याने हसू दाबलं. ते तिला दिसलं.

"हसून घे एकदाचं," ती म्हणाली.

"तू कुणाची?"

बेटावर नाव नंतर विचारतात. तिने वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं घर सांगितलं. आजोबांची बोट त्याला माहीत होती, त्यामुळे तीही ओळखीची झाली. तो हानुस. लाकडी होड्या दुरुस्त करायचा आणि पन्नासेक मेंढ्या पाळायचा. त्याचं घर पायरीपासून सर्वांत जवळचं, म्हणून त्याने तिला तिथं नेलं आणि कोरडे लोकरीचे मोजे दिले. मोजे त्याच्या आईचे होते. आई गेल्या वसंतात वारली होती. हे त्याने मोजे देताना सांगितलं, खाली बघत, जणू मोज्यांचं माप सांगत होता.

रानवा तोर्सहावनच्या प्रयोगशाळेसाठी गावातल्या लोकांची थुंकी गोळा करायला आली होती. हे ऐकून हानुस पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. थुंकीतून पूर्वज कुठले ते कळतं, तिने समजावून सांगितलं. बापाकडून मुलाला येते ती जनुकांतली खूण तपासली, तर बेटांवरचे बहुतेक पुरुष नॉर्वेकडचे निघतात. पण आईकडून येणारी खूण तपासली की बहुतेकांची वाट आयर्लंडला आणि स्कॉटलंडला जाते, केल्टिक लोकांकडे. हजारेक वर्षांपूर्वी नॉर्वेचे पुरुष इथं वसायला आले, ते तिकडच्या बायका बोटीतून घेऊन.

"म्हणजे माझी आई आयरिश?"

"आईची आई, तिची आई... अशा चाळीसेक आया मागे जा. तिथं कुणीतरी असेल."

त्याने तिचे ओले बूट चुलीजवळ सरकवले. मग म्हणाला, "त्या बायकांना बोटीत बसवलं, तेव्हा कुणी विचारलं असेल का, येतेस का म्हणून?"

"कुणास ठाऊक. काहीजणी आपणहून आल्या असतील. काहींना कुणी विचारलंही नसेल."

हानुसची नळी तिला सर्वांत महत्त्वाची होती. चर्चच्या जुन्या नोंदींत त्याच्या आईच्या आया अकरा पिढ्या याच गावातल्या होत्या. मुलगी इथं जन्मली, इथंच दिली, तिची मुलगीही इथंच राहिली. त्या ओळीतला आता एकटा हानुस उरला होता. ही नळी नसती तर गावाचं काम अपुरं राहिलं असतं.

नियम एकच होता. नळीत थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. आणि हानुसच्या हातात कॉफीचा कप होता.

"थांबते मी अर्धा तास," रानवा म्हणाली.

ते बोलत बसले. बाहेर वारा पावसाला आडवा नेत होता. पंचविसाव्या मिनिटाला हानुसने बोलता बोलता कप उचलला आणि एक घोट घेतला. "अरे... विसरलोच," तो म्हणाला. दुसरा अर्धा तास थांबायला तिला वेळ नव्हता, बाकीची सहा घरं वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा तो वाऱ्यावर वाळवलेलं मटण सुरीने कापून खात होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा कॉफी. रानवा रोज बसायची, रोज अर्धा तास मोजायची, आणि रोज काहीतरी घडायचं. ती चिडायची, पण चिडून निघताना वाटेत एकटीच हसायची.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ही आईची खूण पुढं कशी जाते. मुलीच पुढं देतात, ती म्हणाली. तुझ्यात आहे, पण तुझ्या मुलांना ती तुझ्याकडून मिळणार नाही.

"म्हणजे आई माझ्यापाशी संपते," हानुस म्हणाला.

कागदावर तसंच होतं.

ती गावातल्या मालान आजींकडे उतरली होती. आजी नव्वदीच्या, सगळ्या गावाकडे त्यांच्या खिडकीतून लक्ष असायचं. संध्याकाळी बटाटे सोलताना त्या म्हणाल्या, "पोरी, तुझ्या डोक्यात एवढं शिक्षण आहे, आणि एवढं कळत नाही? त्या घराच्या धुराड्यातून दिवसभर धूर निघतोय. त्याची आई होती तेव्हाही इतकी कॉफी होत नव्हती."

"म्हणजे तो मुद्दाम..."

"नळी भरली की तू जाणार. आता बटाटे सोल."

रानवाने बटाटा सोलला, तो सोलताना अर्धा झाला. तिच्या पिशवीत डेन्मार्कच्या प्रयोगशाळेचं पत्र होतं. नोकरी पक्की होती, शुक्रवारपर्यंत हो म्हणायचं होतं. बेटांवरच्या तिच्या बहुतेक मैत्रिणी अशाच गेल्या होत्या. हानुसला हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्याने तेव्हा कप पुन्हा भरला होता.

शुक्रवारी सकाळी बोट यायची होती. ती पेटी घेऊन हानुसच्या दारात उभी राहिली, दार नेहमीप्रमाणे उघडंच होतं. टेबलावर कप पालथा ठेवलेला. चूल थंड.

"नळी दे," तो म्हणाला. "उठल्यापासून पाणीसुद्धा प्यायलो नाही."

तिने नळी दिली. तो पाठ फिरवून उभा राहिला, बराच वेळ लागला. मग त्याने झाकण घट्ट लावून नळी तिच्या हातात ठेवली. बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

"झालं. आता तू जाऊ शकतेस."

"मालान आजी म्हणाल्या, तू मुद्दाम करत होतास."

"हो." तो ओशाळला. "काल विचारणारच होतो. पण वाटलं, नळी अडवून धरायची आणि विचारायचं... ते बरं नाही. जायची वाट मोकळी असेल तरच विचारण्यात अर्थ आहे."

"काय विचारायचंय?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बोट दिसायला लागली होती.

"त्या बायकांना कुणी विचारलं नसेल. मी विचारतो. राहशील का, रानवा? नाही म्हणालीस तर पायरीवर हात द्यायला मीच येईन, आणि या वेळी तुला भिजू देणार नाही."

रानवा खाली स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. मोजे परत द्यायचे राहिलेच होते.

"या मोज्यांची टाच वेगळी आहे," ती म्हणाली. "अशी कुठं पाहिली नाही. तुला येते विणायला?"

"येते. आईनं शिकवली."

"मग आई तुझ्यापाशी संपली नाही. मला शिकव."

हानुसला आधी कळलं नाही. मग कळलं, तेव्हा त्याने पालथा कप उगाच उचलून पुन्हा पालथा ठेवला.

"डेन्मार्कला नाही म्हणून आजच कळवते," ती म्हणाली. "पण हे गाव की तोर्सहावन, ते दोघांनी मिळून ठरवायचं. तुझ्या मेंढ्यांचा वास मला अजून सोसत नाही."

"होड्या तोर्सहावनलाही मोडतात," तो म्हणाला.

दोघं पेटी घेऊन पायरीवर गेले. लाट वर आली तशी रानवाने पेटी बोटवाल्याच्या हातात दिली आणि तोर्सहावनच्या प्रयोगशाळेचा पत्ता सांगितला. तू येत नाहीस का, बोटवाल्याने विचारलं. पुढच्या बोटीला बघू, ती म्हणाली. वर मालान आजींच्या खिडकीतला पडदा हलला.

परत आल्यावर रानवाने पालथा कप सरळ केला, फडताळातून दुसरा काढून त्याच्याशेजारी ठेवला, आणि चूल पेटवली. आता कॉफीला काहीच हरकत नव्हती.