बाहेर पडताना टेकवलेलं कार्ड

मेरिसेल दुमलाओ माफी मागतच खोलीत आली. खुर्चीचा आवाज झाला म्हणून मागितली, चहा नको म्हणाली म्हणून पुन्हा मागितली. परदेशात माणसाला सर्वांत आधी हीच भाषा अवगत होते. व्याकरण मागाहून येतं.

ती फिलिपिन्समधली परिचारिका. मलेशियातल्या इपोहला सुट्टीवर आलेली. तिने भाड्याने घेतलेल्या गाडीने मंगळवारी संध्याकाळी महामार्गाच्या कडेला चाक बदलणाऱ्या एका ट्रकवाल्याला उडवलं होतं. त्याचा पाय मोडला, पण गाडीचा नंबर त्याने वाचला होता.

“मी तापाने अंथरुणात होते. तसं गाडीवाल्यांना फोन करून कळवलंही होतं,” ती म्हणाली. “दुपारी हॉटेलवाल्या आजींनी पेज आणून दिली. गाडी मागच्या गल्लीत उभी होती. आता गाडीचे मालक म्हणतात, ‘मीच चालवत होते’ असं लिहून सही दे, मगच तारण ठेवलेला पासपोर्ट मिळेल. सही केली तर तुरुंग, आणि नर्सिंगचा परवानाही जाईल.”

“पासपोर्ट अडकवून ठेवायचा त्यांना अधिकार नाही,” खासगी तपासनीस नोराईशा म्हणाली.

“ते म्हणाले, सगळेच ठेवतात.”

“तेही खरंच आहे.”

विमा कंपनीत वीस वर्षं खोट्या अपघातांची शवचिकित्सा केल्याने नोराईशाचा माणसांवरचा विश्वास निवृत्त झाला होता. ती स्वतः मात्र अद्याप झाली नव्हती.

“टोलचं कार्ड?”

“गाडीतच असतं. एकच. सोमवारी मी त्यात पैसे भरले. बुधवारी नाक्यावर मशीन म्हणालं, शिल्लक अपुरी. मागून हॉर्न, नाक्यावरची बाई अंगावर ओरडली. मला वाटलं, माझंच काही चुकलं. सॉरी म्हटलं.”

“कोणाला?”

“सगळ्यांना.”

जखमी ट्रकवाला तापाहच्या इस्पितळात होता. नोराईशाचे सहकारी सेल्वरत्नम गाडी चालवत होते. शाळेत चाळीस वर्षं भूगोल शिकवूनही ते रस्ता चुकत. तापाहच्या नाक्यावर त्यांनी खिशातून भलतंच कार्ड काढलं.

“मास्तर, हे तुमच्या बायकोचं! ज्या कार्डाने आत शिरलात त्यानेच बाहेर पडा. नाहीतर यंत्र समजेल तुम्ही थेट थायलंडच्या सीमेवरून आलात, आणि तेवढा टोल कापेल.”

“घरीही असंच आहे,” मास्तर पुटपुटले. “उत्तर दिलं नाही की सर्वांत मोठी शिक्षा.”

ट्रकवाल्याला चालवणारा दिसलाच नव्हता. फक्त नंबर, आणि वेग कमी न झालेला आवाज.

परतल्यावर ते गाडीवाल्याच्या कचेरीत गेले. तिथे जुनैदी नावाचा मेकॅनिक एकटाच होता.

“तापाचा फोन मीच घेतला, ताई. मालकांना लगेच सांगितलं.”

“जादा किल्ली?”

“कपाटात. मालक घेतात, मी घेतो. पण मला कशाला गोवता? मी फटफटीवाला. आम्हाला टोल माफ, कार्ड कधी बाळगलंच नाही.”

मालक ओई कोक मेंग घामाघूम होऊन उगवला. “माफ करा. रोज तापाहहून येतो. आज जुन्या रस्त्याने आलो, लॉऱ्यांच्या मागे जीव मेटाकुटीला आला.”

“महामार्ग असताना?”

“वाटेत नूडल्स चांगल्या मिळतात.” त्याने तिच्या गाडीतल्या कार्डाचा उतारा पुढे सरकवला. “हे बघा. मंगळवारी संध्याकाळी, तापाहचा नाका, सीमेपासूनचा टोल. तापाचं सोंग करायचं आणि देशभर हुंदडायचं! वर आमच्यासारख्यांनी निस्तरायचं.”

मग सौजन्याची परिसीमा म्हणून तो त्यांना पार्किंगपर्यंत सोडायला आला आणि फाटकाच्या यंत्रावर स्वतःचं राष्ट्रीय ओळखपत्र टेकवून त्याने त्यांचे पैसेही भरले.

“दोन कार्डं कशाला बाळगायची? टोल, पार्किंग, सगळं यावरच.”

दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत नोराईशा आली ती मास्तर, मेरिसेल आणि पोलीस इन्स्पेक्टर अझरीना यांना घेऊन.

“हॉटेलच्या आजींना मी विचारलं,” ती म्हणाली. “दुपारी मेरिसेल अंथरुणात होती. सीमा गाठून संध्याकाळी तापाहला पोचणं अशक्य. म्हणजे तो टोल प्रवासाचा नाही, दंडाचा आहे. गाडी आत शिरली एका कार्डाने आणि बाहेर पडली दुसऱ्याने. मास्तर करणार होते तसंच.”

मास्तरांनी छताकडे पाहिलं.

“मेरिसेलकडे कार्ड एकच. जुनैदीकडे स्वतःचं नाहीच. त्याने गाडी नेली असती तर दोन्हीकडे गाडीतलंच टेकवलं असतं. उरतो तो, जो रोज तापाहला जातो आणि सवयीने स्वतःचं ओळखपत्र टेकवतो.”

“माझ्याकडे स्वतःची गाडी आहे!” ओई म्हणाला.

“मंगळवारी ती गॅरेजमध्ये होती,” जुनैदी हळूच बोलला. “मीच सोडून आलो होतो.”

“तू गप्प बस!”

“इपोहच्या नाक्यावर हात आपोआप खिशात गेला,” नोराईशा थकल्या आवाजात पुढे म्हणाली. “वाटेत माणूस उडवला. तापाहच्या नाक्यावर आपलं नाव नोंदवायला तोच हात धजावेना. समोर भाडेकरूचं कार्ड होतं. रात्री जुन्या रस्त्याने येऊन गाडी गल्लीत, ठोकर दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे करून लावलीत. तेव्हापासून तुम्ही महामार्गावर पाऊल टाकलेलं नाही, कारण तुमच्या ओळखपत्रावर मंगळवारचं शिरणं आहे, बाहेर पडणं नाही; नाक्यावर पुन्हा टेकवलंत की यंत्र ओरडणार. दुसरं कुठलंही कार्ड फेकून दिलं असतं. हे कसं फेकणार?”

इन्स्पेक्टरने हात पुढे केला. “ओळखपत्र.”

“ते असं कोणाच्या ताब्यात देत नसतात,” ओई म्हणाला. “माझा कागद आहे तो. कायदा आहे.”

आपण काय बोललो हे त्याला इतरांच्या चेहऱ्यांवर वाचावं लागलं. मग त्याने आधी खण उघडून पासपोर्ट टेबलावर ठेवला, आणि बऱ्याच वेळाने त्याशेजारी ओळखपत्र.

मेरिसेलने पासपोर्ट उचलला. सवयीने तिचे ओठ हलले. पण यावेळी शब्द वेगळा निघाला.

“त्या ट्रकवाल्याचा पाय,” तिने ओईला विचारलं, “तो कसा आहे?”

त्या कचेरीत हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता.