डाव्या हाताची वेणी

उचगावात घरोघरी केबल आली, तरी चिमणाबाईच्या सोप्यातला गुरुवार काही मोडला नाही. दुपारची भांडी पालथी घालून बायका लोकरीच्या पिशव्या घेऊन यायच्या, सतरंजीवर ओळीनं बसायच्या, आणि सुयांच्या टिकटिकीत गावाची उणीदुणी निघायची. खांबालगतची जागा आक्काची. आक्का डावखुरी, त्यामुळं विणताना तिचं कोपर शेजारच्या चिमणाबाईला लागायचं. मग चिमणाबाई दर खेपेला ओरडायची, "आक्का, सरक की जरा! कोपर लागतंय." आणि आक्का हसून खांबाला टेकायची.

तिच्या विणकामातली वेणीसुद्धा डावीकडं वळायची. बाकी सगळ्यांची उजवीकडं, आक्काची तेवढी डावीकडं. पण काय हात होता! बायका बोटं फिरवून बघायच्या नि म्हणायच्या, "मशीनला तरी जमंल काय असं?"

हे ऐकून तानाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिची वीण काय वाईट होती? मुळीच नाही. पण आक्का असेपर्यंत दुसरा नंबर कायमचा. एक वेळ तेही तिनं गिळलं असतं. पण आक्काला मूलबाळ नव्हतं, आणि तानाबाईची एकुलती लेक स्नेहल लहानपणापासून आक्काच्याच घरी पडीक. शाळेतनं आली की दप्तर इथं, पोरगी तिथं. पुढं लग्न झालं, बाळंतपणाला माहेरी आली, आणि आल्या दिवशी म्हणाली काय? "आक्का, बाळाचा पहिला स्वेटर तूच विणायचास हं." सख्खी आई शेजारी चहा गाळत उभी! तानाबाईनं गाळणं असं आपटलं, की चोथा कट्टाभर झाला.

आक्कानं महाद्वार रोडवरनं पिस्ता रंगाची लोकर आणली. अंग विणून झालं, एक बाही झाली. आणि दिवाळीनंतर एका गुरुवारी, तिथंच खांबाला टेकून, सुया हातात असतानाच आक्का गेली.

"मेलेल्या माणसाची वीण उसवू नये," चिमणाबाई डोळे पुसत म्हणाली. "सुया हायत तशा राहूद्यात. ताने, तुझ्या लेकीचा हाय, तूच ने घरी."

"नेते की. देवापाशी ठेवते."

देवापाशी कुठलं! दुसऱ्याच दुपारी लेक झोपल्यावर तानाबाई मागच्या पडवीत बसली, सुया ओढून काढल्या आणि सरासरा उसवत सुटली. तिला किती बरं वाटलं म्हणून सांगू! लोकरीचे वळसे जावेत म्हणून ती गरम पाण्यात टाकली, तर वाफेबरोबर मिसरीचा वास आला. आक्का मिसरी लावायची. "आता बस लावत तिकडं," तानाबाई पुटपुटली आणि नाकाला पदर लावला.

त्याच लोकरीचा तिनं लेकीच्या नकळत स्वतः स्वेटर विणला. उजव्या वळणाच्या वेण्या, दोन्ही बाह्या, पांढरी बटणं. विणताना एवढंच व्हायचं, की हात थांबला तरी टिकटिक जराशी मागं रेंगाळायची. घड्याळ असेल, असं तिनं मनाला सांगितलं. त्या घरातलं घड्याळ कधीचं बंद होतं.

स्नेहलला मुलगी झाली. बारसं उरकल्यावर मायलेकी बाळाला घेऊन गुरुवारी सोप्यात आल्या. स्वेटर तानाबाईनं सकाळीच घडी घालून पिशवीत ठेवला होता. आज सगळ्यांनी बघायचं, आजीचा हात काय असतो ते!

"काढ गं, स्नेहल. घाल बाळाला."

स्नेहलनं स्वेटर बाहेर काढून मांडीवर पसरला. तिचे डोळे भरून आले.

बाही एकच होती. दुसऱ्या खांद्याशी टाके सुईवर तसेच अडकलेले. आणि सगळ्या वेण्या डावीकडं वळलेल्या.

"आई... हात बी लावला न्हाईस तू याला," स्नेहल गळ्यात पडली. "मला वाटलेलं, तू उसवून टाकशील. लई वाईट आणलं गं मी मनात..."

"मन मोठं हाय तानीचं," चिमणाबाई म्हणाली. बायकांनी माना डोलावल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या सोप्यात तानाबाईचं कौतुक झालं, आणि तेही आक्काच्या स्वेटरवरनं.

"सकाळी... दोन्ही..." तानाबाई पुटपुटली. कुठनंतरी मिसरीचा वास येत होता.

"ही बाही तेवढी पुरी कर आई. लेकरू उघडं हाय."

नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? बसायला जागा तेवढी आक्काचीच मोकळी होती. तानाबाई बसली, सुया घेतल्या. उजवा हात हलेना. लाकडासारखा पडून राहिला मांडीवर, सुई नुसती धरून. डाव्यानं मात्र धागा बोटाला गुंडाळला आणि तो भराभर चालायला लागला. तिनं थांबायचा प्रयत्न केला. हात थांबेना... बाही वाढत चालली.

चिमणाबाईची मान आपल्या विणकामातच होती.

"आक्का, सरक की जरा. कोपर लागतंय."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. सगळ्यांच्या सुया थांबल्या. टिकटिक उरली ती एकाच जोडीची.

मी ताना हाय, असं तानाबाईला जिवाच्या आकांतानं ओरडायचं होतं.

ती हसली, आणि खांबाला टेकली.